नाण्याची तिसरी बाजू

गेली तीन वर्षं बहुतेक शुक्रवारी ऑफिस संपलं की मी घराजवळच्या बँकेत जातो. पैसे भरायचे नसतात, काढायचेही नसतात. काउंटरवरच्या बाईंना एकच प्रश्न विचारतो, "हाफ डॉलरची नाणी आहेत का?" असली तर नोटा देऊन तेवढी नाणी घेतो. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरतो आणि एकेक नाणं आडवं धरून त्याची कड बघत बसतो.

मी न्यू जर्सीत राहतो, दिवसभर कोड लिहितो. हा छंद कसा लागला ते सांगत बसत नाही. पण त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मला गेल्या वर्षभर सोडत नाहीये. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला इथे टेलर म्हणतात. मी आपला कॅशियर म्हणतो, नाहीतर वाचताना शिंपी डोळ्यासमोर यायचा. तर प्रश्न असा: मला जे कळतं ते मी त्या कॅशियर बाईंना सांगायला हवं का?

आधी, मला काय कळतं ते सांगतो.

१९६४ सालापर्यंत अमेरिकेची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी ९० टक्के चांदीची असत. चांदी महाग होत गेली, लोक नाणी साठवायला लागले, सरकारकडची चांदी आटायला लागली. शेवटी २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली. दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांतली चांदी पूर्ण गेली. पन्नास सेंटच्या नाण्यात, म्हणजे हाफ डॉलरमध्ये, ती ४० टक्क्यांवर आली आणि १९७० नंतर रोजच्या वापरातल्या हाफ डॉलरमधूनही गेली. आता मधे तांबं आणि दोन्ही अंगांना तांबं-निकेलच्या मिश्रणाचा थर असतो. नाणी साठवून काही हाती लागणार नाही, असं जॉन्सन यांनी तेव्हा बजावलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. त्यांनी शहाणपणाच केला.

जुन्या ९० टक्केवाल्या हाफ डॉलरचं वजन साडेबारा ग्रॅम, त्यात चांदी सव्वाअकरा ग्रॅम. चांदीचा भाव औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, ३० डॉलर धरला तरी त्या पन्नास सेंटच्या नाण्यात जवळजवळ अकरा डॉलरची चांदी भरते. पण नाण्यावर पन्नास सेंट लिहिलंय, म्हणून कायद्याने ते पन्नास सेंटच. बँक ते पन्नास सेंटलाच घेते आणि पन्नास सेंटलाच देते.

ओळखायचं कसं? साल बघायचं. त्याहून सोपं म्हणजे कड बघायची. नव्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लालसर रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड पांढरी असते. आणि ९० टक्केवालं नाणं टेबलावर टाकलं तर आवाजच वेगळा येतो. 'खणखणीत नाणं' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याचा खरा अर्थ मला न्यू जर्सीतल्या जेवणाच्या टेबलावर कळला.

एवढंच ज्ञान आहे. शिकायला दोन मिनिटं लागतात. त्यामुळेच प्रश्न अवघड होतो. एवढी साधी गोष्ट दुसऱ्याला सांगितली नाही, तर 'वेळ नव्हता' असं म्हणायची सोय उरत नाही.

बाई पन्नाशीच्या, बोलक्या. हाफ डॉलर इथे कोणी फारसं वापरत नाही, त्यामुळे ड्रॉवरमध्ये जागा अडवून बसलेली नाणी कोणी घेऊन जातंय याचा त्यांना आनंदच होता. एकदा त्यांनी सहज विचारलं, "एवढी नाणी घेऊन करतोस काय रे?"

मी म्हणालो, "भाच्याला आवडतात. त्याच्यासाठी जमवतो."

मला भाचा आहे. पुण्यात असतो. त्याला नाण्यांचं काडीचंही वेड नाही.

त्या खोटेपणाचं त्या वेळी मला काही वाटलं नाही. उलट बाई खूश झाल्या आणि "तुझ्या भाच्यासाठी" म्हणून नाणी बाजूला काढून ठेवायला लागल्या. माझा फायदाच झाला.

मागच्या वर्षी एका शुक्रवारी त्यांनी तीन पुड्या पुढे केल्या. एकेका पुडीत वीस, म्हणजे साठ हाफ डॉलर. म्हणाल्या, "नशीबवान आहेस. सकाळी एक आजी आल्या होत्या. नवरा गेला, घर विकून मुलीकडे राहायला चालल्या आहेत. कॉफीच्या डब्यातून आणली होती सगळी. तुझी आठवण झाली म्हणून ठेवून दिली."

मी तीस डॉलर दिले आणि घरी आलो. साठातली एकेचाळीस नाणी ९० टक्के चांदीची निघाली, अकरा ४० टक्क्यांची. आठ तेवढी साधी होती. औंसाला तीस डॉलरच्याच हिशोबाने त्यात पाचशे डॉलरच्या आसपास चांदी होती. एवढं घबाड मला आधी कधी मिळालं नव्हतं आणि नंतरही नाही.

टॉवेलवर नाणी मांडून ठेवली तेव्हा लक्षात आलं की पुष्कळशी १९४८ ते १९६३ मधली, बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा असलेली आहेत. इतकी फ्रँकलिन योगायोगाने एका डब्यात जमत नाहीत. १९६५ नंतर कधीतरी त्या माणसाने ती निवडून ठेवलेली असणार. त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोला माहीत नव्हतं, किंवा तिने ऐकलं होतं आणि विसरली होती. त्याने जन्मभर जपलेलं पन्नास सेंटच्या भावाने माझ्या टेबलावर आलं होतं, कारण बँकेतल्या बाईंना मी भाच्याची गोष्ट सांगितली होती.

माझ्यासारखा छंद असलेल्यांची या प्रश्नावरची उत्तरं मला पाठ आहेत, कारण मी स्वतः ती दिलेली आहेत. पहिलं उत्तर: हे ज्ञान मी मेहनतीने मिळवलं, कोणी मिळवायला अडवलेलं नाही. दुसरं: बँकेचं नुकसान होत नाही, तिला पन्नास सेंटचे पन्नास सेंट मिळतात. तिसरं: कॅशियरला सांगितलं की चांदी काउंटरच्या अलीकडे कधी येणारच नाही. नोकरी करणाऱ्याने ड्रॉवरमधलं नाणं स्वतःचे पैसे घालून बदलून घ्यावं की नाही, याचे नियम बँकेगणिक वेगळे असतात. पण जिथे चालतं तिथे घेतीलच. १९७० नंतर वापरात नवी चांदी येत नाही. जी आहे ती कमी-कमीच होत जाणार. मग मी माझ्याच पायावर धोंडा का पाडून घ्यावा?

तिसरं उत्तर ऐकायला स्वार्थी वाटतं, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्ञान फुकट वाटायची भाषा फार करतो. माझं अर्धं काम अनोळखी लोकांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेल्या उत्तरांवर चालतं. पण कोड दिला तर माझ्याकडचा कोड संपत नाही. नाण्याचं तसं नाही. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, पण ते ज्या चांदीकडे बोट दाखवतं ती मात्र ज्याच्या हाती लागेल त्याचीच. म्हणून 'ज्ञान वाटावं' हे सुभाषित इथे पुरत नाही.

हा पेच नवा नाही. रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रश्न असा: एखादा माणूस पितळ समजून सोनं विकतोय. सज्जन माणसाने त्याला सांगावं की हे सोनं आहे, की हजार दिनारांचा माल एका दिनाराला मुकाट घेऊन जावं? दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला माझे शुक्रवार माहीत असल्यासारखं मला वाटलं.

त्याच ग्रंथात धान्याचा व्यापारी आहे. रोड्स बेटावर दुष्काळ पडलाय, धान्य सोन्याच्या भावाने विकलं जातंय. हा अलेक्झांड्रियाहून गलबत भरून आलाय आणि मागून आणखी गलबतं येताना त्याने पाहिली आहेत. ते सांगावं की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? दोन तत्त्वज्ञ वाद घालतात. बॅबिलॉनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं; खोटं बोलू नका, कायद्याने जेवढं सांगायचं तेवढं सांगा, पुढे ज्याचं तो बघेल. अँटिपेटर म्हणतो, माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत. समोरच्याला कळलं तर त्याचं भलं होणार असताना तू गप्प कसा राहतोस? धान्याच्या बाबतीत सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. त्याच्या मते, नुसतं गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. पण ज्यांना कळण्यात फायदा आहे त्यांना आपल्या लाभासाठी अंधारात ठेवणं म्हणजे लपवणंच.

अमेरिकन कायदा मात्र बराचसा डायोजेनिसच्या बाजूने गेला. १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला इंग्लंडशी तह झाल्याची बातमी भल्या पहाटे एका व्यापाऱ्याला कळली. ती गावभर पसरायच्या आत त्याने तंबाखूचा मोठा सौदा केला. तह झाला म्हणजे बंदर खुलं होणार, भाव चढणार. तसा तो चढलाही. १८१७ मध्ये खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश मार्शल यांचं म्हणणं असं की बाजाराची अशी बातमी विकणाऱ्याला सांगायला खरेदीदार बांधील नाही. मात्र दोघांनीही एकमेकांची फसवणूक होईल असं काही बोलू किंवा करू नये. आणि त्या खटल्यात एक गोम होती. विकणाऱ्याने सौद्याआधी विचारलं होतं, भाव वाढेल अशी काही बातमी आहे का? फसवणूक झाली की नाही हे ज्यूरीने ठरवायला हवं होतं, म्हणून खटला परत पाठवला गेला.

ते वाचताना मला भाचा आठवला. कायद्याची उदार बाजू घेतली तरी मी सुटत नव्हतो. बाईंनी विचारलं होतं. 'सांगायचं नाही' असं म्हणून मी गप्प राहिलो असतो तर डायोजेनिसने मला सोडलं असतं. मी गोष्ट रचली होती.

पण खोटं बोललो एवढंच माझं चुकलं का? उद्यापासून कोणी विचारलं तर नुसतं हसायचं, म्हणजे झालं? मला ते पटेना. त्याचं कारण माझ्या घरातलंच आहे.

माझ्या आजीचा लग्नातला शालू होता. खऱ्या जरीचा, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी. मी लहान असताना एकदा दारावर 'जुनी जर' घेणारा माणूस आला. शालू घडीवर विरला होता, नेसण्यासारखा राहिला नव्हता. आजीने तो दिला आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेतला. काकाला संध्याकाळी कळलं तेव्हा तो चिडला. ती जर जाळून चांदी काढतात, त्या चांदीत असे कितीतरी डबे आले असते, असं तो म्हणाला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं तरी कदाचित दिला असता. पण सांगायला हवं होतं त्याने."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षं विसरलो होतो. कॉफीच्या डब्यातली नाणी टॉवेलवर मांडली तेव्हा ते परत आलं. आजीला पैशांपेक्षा दुसरं काहीतरी लागलं होतं. शालूचं काय करायचं हा निर्णय तिचा होता आणि तो तिला घेताच आला नाही. काय देतोय हेच माहीत नसेल, तर माणूस देत नाही, त्याच्याकडून ते जातं. दारावरचा माणूस खोटं एक अक्षरही बोलला नव्हता. जर चांदीची आहे हे त्याला माहीत होतं, आजीला आठवत नव्हतं, आणि त्याचा सगळा नफा त्या अंतरात होता.

मला वाटतं, कॅशियरला सांगावं की नाही हा वाद आम्ही चुकीच्या दोन माणसांमध्ये मांडतो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कॅशियर. त्या दोघांत चांदीवर हक्क कोणाचा? खरं सांगायचं तर दोघांचाही सारखाच, म्हणजे फारसा नाही. बँकेचंही काही जात नाही. ज्याचं जातं तो माणूस या वादात नसतोच. तो माझ्या आधी, सकाळी, त्याच काउंटरवर येऊन गेलेला असतो. हातात कॉफीचा डबा घेऊन. त्याची आणि माझी गाठ पडत नाही. दोघांनाही भेटणारं माणूस एकच, ते म्हणजे कॅशियर.

संगणकाच्या सुरक्षेत एक साधा रिवाज आहे. एखाद्या सिस्टिममधलं भोक तुम्हाला सापडलं, तर ज्याला ते बुजवता येईल त्याला आधी कळवायचं. सापडलं म्हणून ते आपल्या मालकीचं होत नाही. बँकेच्या काउंटरवर हे भोक बुजवू शकणारी व्यक्ती म्हणजे त्या बाई. "आजी, ही नाणी इथे भरू नका, आधी नाण्यांच्या दुकानात दाखवा," एवढं एक वाक्य पुरे होतं. ते त्यांनी म्हटलं नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यांना माहीत नव्हतं यात थोडा वाटा माझा होता.

यावरचा आक्षेप मी स्वतःलाच घातला. मग काय, बँकेच्या दारात पाटी घेऊन उभा राहू? जगातल्या प्रत्येक न कळणाऱ्याला कळवत फिरू? नाही. माझ्या मते इथे फरक करता येतो. मी कधीकधी पाचशे डॉलरची पूर्ण पेटी मागवतो. हजार नाणी. रात्रीच्या रात्री कडा बघण्यात जातात आणि बरेचदा एकही चांदीचं निघत नाही. त्यातलं नाणं कुठून, कोणाच्या हातून, किती वर्षांपूर्वी आलं याचा पत्ता नसतो. सांगावं असं तिथे कोणी उरलेलंच नाही. तिथे जे मिळतं ते शोधण्याचं मिळतं, आणि ते घेताना मला काही वाटत नाही. कॉफीच्या डब्यात मी काही शोधलं नाही. एका बाईचं न कळणं फक्त उचललं. जिथे नुकसान होणारा माणूस हाताच्या अंतरावर आहे आणि दोन मिनिटांत सांगता येतं, तिथे गप्प राहणं हे लपवणंच. तिथे मी अँटिपेटरच्या बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. बाईंना सांगितलं आणि त्यांनी आजींना काही न सांगता नाणी स्वतःच घेतली तर? होऊ शकतं. मग त्या माझ्याइतक्याच वाईट ठरतील, माझ्याहून जास्त नाही. दुसरा बेइमान होईल या शंकेने मी आधीच बेइमान राहायचं, हा हिशोब मला जमला नाही.

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी दोन नाणी खिशात टाकून गेलो. एक १९६४ चं, एक १९७१ चं. गर्दी नव्हती. दोन्ही काउंटरवर आडवी धरली आणि कड दाखवली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. मी दोन्ही नाणी टाकून आवाजही ऐकवला. मग भाच्याचं खरं सांगितलं. मग त्या तीन पुड्यांचं.

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या आजींना मीच ती नाणी भरायला लावली."

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

नाणी परत करायची म्हटलं तर ग्राहकाचं नाव, पत्ता बँक कोणाला सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. आजी पुन्हा आल्या तर त्यांना द्या म्हटलं. घर विकून गेलेली बाई त्या शाखेत परत कशाला येईल? आजतागायत फोन आलेला नाही. त्यातली आठ नाणी मी आधीच विकून टाकली होती. उरलेली कपाटात एका डब्यात वेगळी ठेवली आहेत. त्यांचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काही गोष्टी नंतर खरं बोलून दुरुस्त होत नाहीत, हेही या छंदात शिकलो.

मी अजून शुक्रवारी जातो. आता पूर्वीसारखी नाणी मिळत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी बाईंनी आपणहून सांगितलं की एक म्हातारे गृहस्थ मूठभर हाफ डॉलर भरायला आले होते. बाईंनी कडा बघितल्या, त्यांना दाखवल्या. त्यांनी नाणी मोजली, रुमालात बांधली आणि घरी घेऊन गेले.

"सहा होती," बाई म्हणाल्या. "सगळी पांढऱ्या कडेची."

बरं केलंत, मी म्हणालो. आतून थोडं दुखलंच, खोटं कशाला बोलू? सहा नाणी होती. मग मी वीस डॉलरची नोट पुढे केली आणि ड्रॉवरमध्ये काय आहे ते विचारलं. दोन पुड्या होत्या. घरी येऊन बघितल्या. चाळीसही नाण्यांच्या कडेला तांब्याची रेघ.